लाईट गेली-आली की विंडोज चालूच होत नाही आणि दरवेळी फॉरमॅट? आधी फाईली बाहेर काढा

पावसाळा लागला की ही तक्रार वाढते. लाईट जाते, दोन मिनिटांनी येते, कॉम्प्युटर चालू करावा तर काळ्या स्क्रीनवर 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग 'डायग्नोझिंग युवर पीसी', मग 'युवर पीसी डिड नॉट स्टार्ट करेक्टली', आणि रीस्टार्ट दाबलं की परत पहिल्यापासून तेच. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. फॉरमॅट मारून आणतात, महिना दोन महिने बरा चालतो, मग एक दिवस लाईट जाते आणि पुन्हा तोच स्क्रीन. मधल्या मधे कुणाचे मुलांचे लहानपणापासूनचे फोटो जातात, कुणाच्या लग्नपत्रिकांच्या सगळ्या कोरलच्या फाईली जातात, शाळेच्या ऑफिसातलं जुनं रेकॉर्ड जातं, आणि लोक नशीब म्हणून सोडून देतात.

मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण अशा बहुतेक केसमध्ये फाईली डिस्कवर जशाच्या तशा असतात. विंडोज चालू होत नाही म्हणजे तुमचा डेटा गेला असं नसतं, विंडोजच्या दोन-चार फाईली किंवा बूटचा (मशीन चालू होताना लागणारा) छोटासा भाग बिघडलेला असतो एवढंच. फाईली जातात त्या फॉरमॅटमुळे. आणि परत परत बिघडतं ते विंडोजमुळे नाही, त्याच्या खाली जे दुखणं आहे, म्हणजे डिस्क, यूपीएसची बॅटरी, केबल, मदरबोर्डावरचा सेल, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी फाईली बाहेर, मग विंडोज, मग मूळ कारण. दुकानात नेलात तरी हाच क्रम सांगा आणि फाईली हातात आल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका.

पहिल्यांदा काय करायचं नाही ते सांगतो. बंद-चालू, बंद-चालू करत बसू नका, डिस्क खराब व्हायला लागली असेल तर प्रत्येक वेळी ती अजून बिघडते. 'रीसेट धिस पीसी' दिसलं म्हणून लगेच दाबू नका, त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं गेलं की संपलं, आणि 'कीप माय फाईल्स' निवडलं तरी टाकलेले सगळे प्रोग्राम उडतात, टॅली, श्रीलिपी, कोरल, प्रिंटरचं सॉफ्टवेअर सगळं. 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राईव्ह' असं येऊन टक्के पुढे सरकत असतील आणि डिस्कचा आवाज नेहमीसारखा असेल तर होऊ द्या, पण त्याच वेळी कट-कट, टिक-टिक असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर सरळ पॉवर काढा. तो आवाज म्हणजे डिस्कचा हेड नीट वाचू शकत नाहीये. तिथून पुढे घरगुती प्रयोग करायचे नाहीत, डिस्क उघडून तर अजिबात बघायची नाही, धुळीचा एक कण आत गेला तरी पत्र्यावर ओरखडे पडतात. त्यातला डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅबकडेच द्यायची, खर्च बराच येतो पण आधी दहा जणांनी हात लावलेली डिस्क त्यांच्याकडेही सुटत नाही.

आवाज ठीक असेल तर चालू करताना एफ२ किंवा डिलीट (काही लॅपटॉपला एफ१०) दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणारं मशीनचं मूळ सेटिंग) जा आणि दोन गोष्टी बघा. डिस्कचं नाव तिथे दिसतंय का, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का. डिस्कचं नावच दिसत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, डेस्कटॉप असेल तर बंद करून, प्लग काढून, साटाची केबल (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) आणि पॉवरची पिन दोन्हीकडून काढून परत घट्ट बसवा, शक्यतो केबलच बदला. आपल्याकडे धूळ, दमट हवा आणि झुरळं ह्यामुळे ह्या पिना गंजतात, कोकणात तर फारच.

तारीख चुकीची असेल, काहीतरी जुनंच वर्ष दाखवत असेल, तर तुमचा प्रॉब्लेम कदाचित फार स्वस्तात सुटणारा आहे. बोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो संपला की बायोसची सेटिंग लक्षात राहत नाहीत. पण गंमत अशी की बोर्डाला लाईट मिळत असते तोपर्यंत हे कळत नाही, कारण कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून) थोडा करंट बोर्डाला चालूच असतो. रात्री मेन स्विच बंद केला किंवा लाईट गेली की मग सेलवर भार येतो आणि सेटिंग पुसली जातात. एका डीटीपीच्या दुकानात अगदी असंच चाललं होतं, मालक रोज रात्री शटर ओढायच्या आधी मेन बंद करायचे, सकाळी कधी 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाईस' तर कधी निळा स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाईस'. त्यांना हार्डडिस्क गेली म्हणून सांगितलेलं, नवीन डिस्क घ्यायच्या तयारीत होते. प्रत्यक्षात झालं होतं असं की सेटिंग पुसल्यावर बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर जायचा, साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदलायचा आणि बूटचा क्रमही, मग विंडोजला स्वतःची डिस्कच सापडायची नाही. सेल बदलला, साटा मोड परत एएचसीआय केला, बूटच्या यादीत बरोबर डिस्क वर आणली, झालं. मशीन उघडायच्या आधी तारीख बघायची ती ह्यासाठी. तारीख चुकलेली असली की बऱ्याच वेबसाईटही 'कनेक्शन सेक्युअर नाही' म्हणून उघडत नाहीत, तीही एक खूण आहे. मोड बदलायच्या आधी जुनी सेटिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे परत येता येतं.

आता फाईली काढण्याबद्दल. ह्यासाठी सगळ्यात सोपी युक्ती विंडोजच्या आतच आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. विंडोजचा लोगो आला की पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिकव्हरीच्या स्क्रीनवर नेतं (मगाशी बंद-चालू करू नका म्हटलं ते उगाच आशेवर करण्याबद्दल, आणि ऑटोमॅटिक रिपेअरच्या स्क्रीनवर तुम्ही आधीच अडकला असाल तर हेही करायची गरज नाही, तिथेच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असतं). ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडली की नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाईप करून एंटर मारा. नोटपॅड उघडेल. त्यात फाईल मेनूत ओपन, खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' लिहिलंय तिथे 'ऑल फाईल्स' करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि तुम्हाला वाटेल सगळं गेलं. डावीकडे धिस पीसी. आता ही ओपनची खिडकीच तुमचा फाईल एक्स्प्लोरर आहे, फोल्डरवर राईट क्लिक करून कॉपी, पेनड्राईव्हमध्ये जाऊन पेस्ट.

इथे तीन-चार गोष्टींनी लोक गोंधळतात. एक, ड्राईव्हची अक्षरं नेहमीसारखी नसतात, तुमचा सी इथे डी किंवा ई असू शकतो आणि एक्स नावाचा ड्राईव्ह रिकव्हरीचा स्वतःचा असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. ज्यात 'युजर्स' फोल्डरच्या आत तुमचं नाव आहे तोच तुमचा. दोन, कॉपी होताना टक्के वगैरे काही दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, ती बंद करू नका, म्हणूनच एकदम सगळं न घेता थोडे थोडे फोल्डर घ्या. तीन, पेनड्राईव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यात जातच नाही, लग्नाचे व्हिडिओ आणि आउटलुकच्या मोठ्या फाईली इथेच अडतात, तेव्हा दुसऱ्या मशीनवर पेनड्राईव्ह आधी एक्सफॅट करून घ्या. आणि पेनड्राईव्ह दिसत नसेल तर ओपनची खिडकी बंद करून परत उघडा.

काय काय घ्यायचं? लोक डी ड्राईव्ह घेतात आणि डेस्कटॉप विसरतात, आणि आपल्याकडे निम्मं काम डेस्कटॉपवरच पडलेलं असतं! युजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स बघा, ते रिकामे दिसले तर त्याच्याच शेजारी वनड्राईव्ह फोल्डरात बघा, नवीन विंडोजमध्ये डेस्कटॉप बऱ्याचदा तिकडे सरकवलेला असतो. टॅली असेल तर टॅलीच्या डेटा फोल्डरात आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी, आख्खा डेटा फोल्डर उचला, आतलं निवडत बसू नका. आउटलुक वापरत असाल तर डॉक्युमेंट्समधलं 'आउटलुक फाईल्स'. कोरलची एखादी फाईल उघडत नसेल तर त्याच फोल्डरात 'बॅकअप_ऑफ' असं पुढे लागलेली तिची प्रत आहे का बघा, लाईट जाताना जी फाईल उघडी होती तिचं नुकसान झालेलं असतं पण ही प्रत बऱ्याचदा शाबूत असते. वर्डचंही तसंच, तुमच्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा म्हणून लपलेलं फोल्डर असतं, त्यात रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड, तिथे एएसडी अशा शेपटीच्या फाईली म्हणजे वर्डने आपणहून सेव्ह केलेलं काम, वर्ड मूळ सेटिंगला दर १० मिनिटांनी ते करतं. ब्राउझरमधले पासवर्ड मात्र असे नुसते फोल्डर कॉपी करून नेता येत नाहीत, ते त्या विंडोजच्या लॉगिनशी बांधलेले असतात, त्यामुळे ते गुगल खात्यात सिंक असतील तरच परत मिळतात.

आणि फॉन्ट. मराठीत काम करणाऱ्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा. श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम ह्यातलं जुनं काम युनिकोड (कुठल्याही मशीनवर चालणारी अक्षरांची ठराविक पद्धत) नाही, तिथे 'क' हा खरं तर इंग्रजी कळीचा किंवा चिन्हाचा कोड असतो आणि फॉन्ट त्याला 'क' चा आकार देतो. फॉरमॅटनंतर फाईल मिळाली, उघडली, आणि आख्ख्या पानावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण असला कचरा दिसला की लोक फाईल करप्ट झाली म्हणून टाकून देतात. फाईल चांगली असते, फॉन्ट नसतो. म्हणून विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे आख्खं फोल्डर कॉपी करून घ्या, पाच-सातशे एमबी झालं तरी घ्या, त्यातले काही फॉन्ट आता कुठे विकतही मिळणार नाहीत. गावातल्या छापखान्यांचं, दिवाळी अंकांचं, पतसंस्थांच्या अहवालांचं कितीतरी काम ह्या फॉन्टांच्या भरवशावर पडून आहे.

नोटपॅडची युक्ती चालली नाही, किंवा रिकव्हरीचा स्क्रीनच येत नाही, तर लिनक्सचा पेनड्राईव्ह. दुसऱ्या कुणाच्या मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबंटू डाउनलोड करा, ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, रुफस ह्या फुकट प्रोग्रामने त्यावर चढवा, आपल्या मशीनला लावून बूट मेनूतून त्यावरून चालू करा. 'ट्राय' किंवा लाईव्ह निवडायचं, इन्स्टॉल चुकूनही नाही. मिंट डिस्कला हात न लावता पेनड्राईव्हवरूनच चालतं, तुमचे ड्राईव्ह फोल्डरासारखे दिसतात, मराठी नावांच्या फाईलीही नीट दिसतात. ड्राईव्ह फक्त वाचता येतोय, त्यावर लिहिता येत नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, विंडोज पूर्ण बंद झालेलं नसलं की असं होतं, आणि आपल्याला फक्त वाचायचंच आहे. जुन्या कॉम्प्युटरवर माझ्या मते हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा, टक्के दिसतात, वेग दिसतो, कुठली फाईल अडली ते कळतं.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचीही सोय आहे, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला साटा ते यूएसबी केबल पुरते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर असलेलीच लागते, आणि एनव्हीएमई एसएसडीला (बोर्डावर थेट बसणारी छोटी पट्टी) तिची वेगळी केसिंग मिळते.

एक अडचण मात्र कुठल्याही मार्गाने गेलात तरी आडवी येते, बिटलॉकर. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटअप केला की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तुम्हाला कुणी विचारतही नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून तर हे अजून जास्त मशीनवर होतं. मग रिकव्हरीत किंवा लिनक्समध्ये ४८ आकडी की मागतात. ती की ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सेटअप झाला त्या खात्यात साठवलेली असते, मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करा, डिव्हाईसमध्ये रिकव्हरी की बघा, स्क्रीनवर की आयडीची पहिली काही अक्षरं दाखवतात ती जुळवून घ्या. तुमच्या खात्यात नसेल तर आठवा, लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने चालू करून दिला होता का? तसं असेल तर की तिकडे आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. की कुठेच नसेल तर तो डेटा कुणालाही काढता येत नाही, काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर बसली होती, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली होती, तेव्हा उपाय एका फाईलीपुरता होता, ती डिलीट करायची, पण ठिकठिकाणी काम रखडलं ते ह्याच ४८ आकड्यांसाठी. आज तुमचं मशीन चांगलं चालत असेल तर आत्ताच की काढून वहीत लिहून ठेवा.

डिस्कवर बॅड सेक्टर (वाचता न येणारे खराब भाग) असतील, कॉपी मधेच अडत असेल, एकेका फाईलीला पाच पाच मिनिटं लागत असतील, तर फाईल फाईल ओढू नका. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू म्हणून प्रोग्राम आहे, तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो आणि अडचणीचा भाग नंतरसाठी ठेवतो, कुठवर झालं त्याची नोंद मॅपफाईलमध्ये ठेवतो, त्यामुळे मधे लाईट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. आख्ख्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतीवर करायची, मूळ डिस्क बाजूला. पार्टिशनच (डिस्कचा सी, डी असा भाग) हरवलं असेल तर टेस्टडिस्क, आणि फॉरमॅट होऊन गेलं असेल तर फोटोरेक, दोन्ही फुकट आहेत आणि चांगले आहेत. फोटोरेक फाईलीचं नाव आणि फोल्डर परत देत नाही, नुसते एफ आणि पुढे आकडे अशा नावांनी ढीग लावतो, तो निवडायला बसावं लागतं. हार्डडिस्कवर फॉरमॅटनंतर बरंच काही मिळू शकतं, अट एकच, फॉरमॅट झाल्यावर त्यावर काही नवीन टाकलेलं नसावं आणि मिळालेल्या फाईली त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत. एसएसडीवर मात्र आशा फार कमी, कारण ट्रिम म्हणून सोय असते, डिलीट किंवा फॉरमॅट झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते. एसएसडीवाल्या मशीनला फॉरमॅटची घाई केली की मागे फिरायला रस्ता राहत नाही, हे मी पुन्हा सांगतोय कारण आता सगळीकडे एसएसडीच आहेत.

फाईली हातात आल्या, दुसऱ्या मशीनवर चार-पाच उघडून बघितल्या (नुसतं नाव दिसलं म्हणजे फाईल आली असं नाही, उघडून बघा), की मग विंडोजला हात लावा. कमांड इंग्रजीतच टाईप करायच्या, मी फोनवर सांगतो तशी अक्षरं फोडून लिहितोय. आधी स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर तिथेच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. सिस्टिम रिस्टोअर चालू ठेवलेलं असेल तर मागच्या तारखेवर जाता येतं, त्याने तुमच्या फाईलींना धक्का लागत नाही. त्याने नाही झालं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सी एच के डी एस के, स्पेस, तुमच्या विंडोजच्या ड्राईव्हचं अक्षर, कोलन, स्पेस, स्लॅश एफ. लाईट गेल्यामुळे फाईलसिस्टिममध्ये झालेला घोळ ह्याने निस्तरतो आणि बऱ्याच मशीन एवढ्यानेच उठतात. स्लॅश आर लावलं तर पूर्ण डिस्क वाचतो, तासन्‌तास लागतात, दुबळ्या डिस्कवर तो ताण देऊ नका. चेकडिस्कने अर्धवट तुकडे उचलले असतील तर ते 'फाउंड डॉट शून्य शून्य शून्य' नावाच्या लपलेल्या फोल्डरात टाकतो, काही हरवलं तर तिथेही बघा.

बूटचा भागच गेला असेल तर इंटरनेटवर सगळीकडे बूटरेक फिक्सबूट सांगतात, नवीन यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस असलेल्या) मशीनवर ते बहुतेक वेळा 'ॲक्सेस इज डिनाईड' म्हणून थांबतं. त्यापेक्षा डिस्कपार्ट उघडा, लिस्ट व्हॉल्यूम करा, त्यात फॅट३२ असलेला शंभर-दोनशे एमबीचा छोटा व्हॉल्यूम दिसेल (तुमचा पेनड्राईव्हही फॅट३२ असू शकतो, साईज बघून खात्री करा), सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा नंबर, मग असाईन, स्पेस, लेटर, बरोबरची खूण (=), एस, आणि मग एक्झिट. नंतर बी सी डी बूट, स्पेस, विंडोज फोल्डरचा पत्ता, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. विंडोज सुरू झालं की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ (दोन्ही कमांड विंडोजच्या बिघडलेल्या फाईली दुरुस्त करतात). एवढ्यावरही रडत असेल तर विंडोजच्या आयएसओमधला (विंडोज टाकायची डाउनलोड केलेली फाईल) सेटअप चालू विंडोजच्या आतूनच चालवायचा आणि फाईली व ॲप दोन्ही ठेवायचा पर्याय निवडायचा, प्रोग्राम न उडता विंडोज नवीन होतं. विंडोज १० वाल्यांनो, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा नव्याने टाकायचीच वेळ आली आणि मशीनला चालत असेल तर ११ च टाका.

आता परत परत का होतं. विंडोज सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) टाका. हार्डडिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळींची शेवटची रॉ व्हॅल्यू बघा, सगळी शून्यं असतील तर छान, सी५ मध्ये आकडा असेल आणि आठवड्याने बघितल्यावर वाढला असेल तर डिस्क बदला, त्यावर परत विंडोज टाकून देणं म्हणजे पुढच्या क्रॅशची तारीख ठरवणं. सी७ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल खराब आहे, शे-दोनशे रुपयांत काम होतं. एनव्हीएमई एसएसडी असेल तर 'अनसेफ शटडाऊन्स' अशी ओळ दिसते, किती वेळा बंद न करता पॉवर गेली तो आकडा. तो मोठा दिसला की माणसाला पटतं की दोष विंडोजचा नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) 'कर्नल पॉवर ४१' दिसला की लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, का ते तो सांगत नाही. त्याच्या आसपास 'डिस्क' नावाने ७ किंवा १५३ आणि 'एनटीएफएस' नावाने ५५ असे इव्हेंट आहेत का ते बघा, असतील तर संशय डिस्क-केबलवर. नुसतेच ४१ असतील तर संशय पॉवरवर.

आणि पॉवर म्हटलं की यूपीएस. घरोघरी तो ६०० व्हीएचा डबा असतो, आत १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-अवरची बॅटरी, ती दोन-तीन वर्षांत संपते, पण डब्यावरचा हिरवा दिवा लागत राहतो म्हणून सगळे निर्धास्त. तपासायचं कसं? कॉम्प्युटर लावून नाही. यूपीएसला साधा ६० वॅटचा बल्ब लावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. बल्ब दहा मिनिटं टिकला तर ठीक, लगेच विझला तर तो यूपीएस नाही, एक्स्टेन्शन बोर्ड आहे. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल (कुठे इको लिहिलेलं असतं) असा स्विच असतो, तो यूपीएसवर हवा. नॉर्मलवर बदली व्हायला जास्त वेळ लागतो, पंख्याला काही फरक पडत नाही पण कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. अर्थिंगही एकदा वायरमनला दाखवा, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आजच.

विंडोजमध्ये दोन सेटिंग बघून ठेवा. फास्ट स्टार्टअप बंद करा (कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'), त्यात शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतं, विंडोज स्वतःचा अर्धा भाग डिस्कवर लिहून झोपतं, आणि आपल्याकडे शटडाऊन क्लिक केल्या केल्या भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच बंद करायची सवय असते. कॅबिनेटचा दिवा विझेपर्यंत थांबा. दुसरं, डिव्हाईस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीजमध्ये राईट-कॅश बफर फ्लशिंग बंद करायची टिक असते, वेग वाढतो म्हणून कुणीतरी ती लावून ठेवलेली असते, ती काढा.

बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क घ्या, शनिवारी संध्याकाळी लावायची, फाईल हिस्टरीने किंवा हाताने कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम लावलेली डिस्क लाईटच्या झटक्यात किंवा रॅन्समवेअरमध्ये (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) मशीनबरोबरच जाते.

हे सगळं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना एवढं लिहा: डेस्कटॉप की लॅपटॉप आणि मॉडेल, हार्डडिस्क की एसएसडी, विंडोज १० की ११, स्क्रीनवर नेमका काय मेसेज आहे त्याचा मोबाईलने काढलेला सरळ फोटो, बायोसमध्ये डिस्क दिसते का, तारीख बरोबर आहे का, डिस्कचा आवाज कसा आहे, आणि शेवटचं नीट चालत होतं त्यानंतर काय झालं, लाईट गेली, अपडेट आलं की कुणी मशीन उघडलं. आणि फाईली अजून आतच असतील तर ते सगळ्यात वर लिहा.